मॅकबेथची भीती कधी संपते?

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या नाट्यमंडळाला शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधले निवडक प्रवेश मराठीत करायचे आहेत. चेटकिणींचं भविष्य ऐकलेला स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ घरी मुक्कामाला आलेल्या डंकन राजाचा खून करून गादी बळकावतो, ती ही गोष्ट. मंडळात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, चेटकिणी भेटल्या नसत्या तर काहीच घडलं नसतं, हा सगळा नशिबाचा खेळ. दुसरा म्हणतो, बायकोने फूस लावली, नाहीतर माणूस भला होता. लेडी मॅकबेथचं काम करणाऱ्या मुलीने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोष नेमका कोणाचा, महत्त्वाकांक्षा असणं हाच गुन्हा आहे का, आणि तो खंजीर, ती भुतं रंगमंचावर दाखवायची की नाही. मी हे नाटक वर्गात शिकवत आलो आहे आणि हौशी नटांना घेऊन बसवलंही आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

दोषाचा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. दोष मॅकबेथचा. चेटकिणी त्याला फक्त ‘तू कॉडॉरचा सरदार होशील, पुढे राजा होशील’ एवढंच सांगतात. खून कर असं त्यांच्यातली एकही म्हणत नाही. कॉडॉरची सरदारकी मिळणार हे त्यांचं भविष्य तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. मागच्याच प्रवेशात डंकन राजाने ती त्याला देऊन टाकलेली असते, बातमी फक्त पोचायची बाकी असते. आणि चेटकिणी भेटतात त्या माळरानावर मॅकबेथच्या शेजारी त्याचा सोबती सरदार बँकोही उभा आहे. तुझ्या वंशात राजे होतील, असं त्यालाही सांगितलं जातं. त्याचंही मन चळतं. रात्री त्या तिघी स्वप्नात आल्याचं तो कबूल करतो, झोपेत येणारे वाईट विचार आवर म्हणून देवाची करुणा भाकतो. पण हात उचलत नाही. उलट मॅकबेथला तोच सावध करतो की काळोखाची माणसं बारीकसारीक गोष्टींत खरं बोलतात आणि मोठ्या गोष्टीत घात करतात. खुद्द मॅकबेथच्या तोंडीही एक वाक्य आहे: नशिबाला मला राजा करायचंच असेल तर माझ्या हालचालीशिवायही ते मला मुकुट घालील. इतकं स्वच्छ त्याला कळत होतं.

तुम्ही सोलापूरची मुलं, तुम्हाला हे समजायला लांब जायला नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरं ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, कुठे बिचकतं यावरून पाऊसपाण्याचा, बाजारभावाचा अंदाज बांधतात. यंदा पाऊस बरा, असं ऐकून शेतकरी घरी जातो आणि नांगरट-पेरणी स्वतःच करतो. भाकणूक ऐकली म्हणून शेजाऱ्याचा बांध कोरायची मुभा मिळाली, असं त्याला वाटत नाही. मॅकबेथने भविष्यालाच परवानगी समजलं.

आता बायकोचं. मराठी प्रेक्षकाला हे नाटक बघताना शनिवारवाडा आठवणारच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, आणि तेव्हापासून आपण आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट सांगत आलो. तिला भक्कम पुरावा नाही. पण पुतण्याच्या रक्ताचा भार चुलत्यावरून उतरवून बाईच्या माथी मारायला ती फार सोयीची. लेडी मॅकबेथचंही आपल्या वर्गांतून तसंच होतं. मुली, तुझ्या भूमिकेतलं एक वाक्य त्या दुसऱ्या तटातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखव. पहिल्या अंकाच्या शेवटी नवरा माघार घेऊ लागतो तेव्हा ती विचारते की मग हा विषय माझ्याकडे काढला कोणी? विषय त्यानेच काढलेला आहे. ती त्याला टोचते, त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, योजना आखते. या सगळ्याची ती वाटेकरी आहेच. पण तिने जे पेटवलं ते आधीपासून धुमसत होतं.

महत्त्वाकांक्षेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्याकडे हे नाटक ‘महत्त्वाकांक्षेचे दुष्परिणाम’ या मथळ्याखाली परीक्षेपुरतं उरकलं जातं आणि त्यात मुलांचं नुकसान होतं. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरातली, यंत्रमागाच्या आवाजात अभ्यास करणारी मुलगी कलेक्टर व्हायचं म्हणते. ही महत्त्वाकांक्षाच आहे आणि ती असायलाच हवी. खुर्ची मिळाल्यावर आपण काय करणार, याचं काहीतरी चित्र तिच्या डोळ्यापुढे असतं. मॅकबेथचं पूर्ण नाटक चाळून बघा. राजा झाल्यावर आपण काय करू, याबद्दल तो एक ओळ बोलत नाही. प्रजेसाठी सोडा, स्वतःच्या चैनीसाठीही नाही. मुकुट हवा एवढंच. डंकन भला राजा आहे, आपला नातलग आहे, आज आपल्या घरी पाहुणा आहे, त्याला मारायला आपल्याकडे उडी घेणाऱ्या महत्त्वाकांक्षेपलीकडे एकही कारण नाही, असं तो स्वतःच मांडतो. म्हणून मुकुट डोक्यावर येताच त्याच्या तोंडून निघतं की नुसतं राजा असणं काहीच नाही, निर्धास्त राजा असणं हवं. मिळवायचं होतं ते मिळालं आणि त्याच दिवशी ते पोकळ निघालं. त्यानंतरचा प्रत्येक खून केवळ टिकून राहण्यासाठी आहे.

‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’ हा दुर्योधनाच्या तोंडी घातलेला श्लोक तुम्ही ऐकला असेल. धर्म कळतो पण तिकडे मन जात नाही, अधर्म कळतो पण त्यातून सुटका नाही. मॅकबेथ नेमका इथे उभा आहे, आणि म्हणून तो खलनायक न ठरता शोकनायक ठरतो. खुनाआधीचं त्याचं २८ ओळींचं स्वगत पाहा. या कृत्याचे परिणाम इथेच, याच जगात भोगावे लागतील, आपण पाजलेलं विष आपल्याच ओठांशी परत येईल, डंकनचे सद्गुण देवदूतांसारखे टाहो फोडतील. सगळं त्याला आधी दिसतं. अपराधी भाव खुनानंतर येतो असं आपण गृहीत धरतो. इथे तो खुनाच्या आधी येऊन बसला आहे.

हा माणूस शेक्सपिअरने कसा घडवला, ते पाहण्यासारखं आहे. नाटक १६०६च्या सुमाराचं. गोष्ट त्याने होलिन्शेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीतून घेतली. इतिहासातला मॅकबेथ म्हणजे १०४० साली डंकनला लढाईत मारून सतरा वर्षं राज्य केलेला राजा. त्यात ना पाहुण्याचा खून, ना झोप उडवणारा आवाज. घरी मुक्कामाला आलेल्या राजाला बायकोच्या आग्रहावरून मारण्याची हकीकत त्याच बखरीत दुसऱ्याच एका सरदाराच्या नावावर आहे. रात्री अंथरुणात आवाज ऐकू येऊन झोप उडालेला राजा तिसराच, त्याने पुतण्याला मारलेलं. शेक्सपिअरने एकाची गादी, दुसऱ्याचं पाप आणि तिसऱ्याची टोचणी एकाच छातीत कोंबली. बखरीतला बँको तर कटात सामील आहे. नाटकात तो निर्दोष केला, कारण १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे. पण दरबारी सोयीसाठी केलेल्या या बदलातून नाटकाला केवढी मोठी गोष्ट मिळाली! तेच भविष्य ऐकूनही हात न उचलणारा माणूस शेजारी उभा राहिला.

याच जेम्स राजाने १५९७ साली चेटूकविद्येवर ग्रंथ लिहिला होता आणि त्याआधी स्कॉटलंडमधल्या चेटकिणींच्या खटल्यांत जातीने भाग घेतला होता. तेव्हा त्या काळच्या प्रेक्षकाला माळरानावरच्या त्या तिघी खऱ्याच वाटत. नाटकातही त्या खऱ्याच आहेत, बँकोलाही दिसतात. ‘सगळे मनाचे खेळ’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. पण यापुढे जे दिसतं ते नीट क्रमाने बघा. तुमच्या तिन्ही प्रश्नांची गाठ इथे आहे.

खुनाआधी त्याला हवेत खंजीर दिसतो. तो खरा की तापलेल्या डोक्याचा भास, हे तो स्वतःच तपासतो, पकडायला हात पुढे करतो. खुनानंतर लगेच आवाज ऐकू येतो: मॅकबेथने झोपेचा खून केला, आता त्याला झोप नाही. देवाचं नाव घ्यायला गेला तर ‘आमेन’ घशात अडकतं, आणि तो लहान मुलासारखा विचारत राहतो, का अडकलं, मला तर त्याची सगळ्यात जास्त गरज होती. पुढे बँकोला मारेकऱ्यांकरवी मारल्यावर मेजवानीत त्याचं भूत मॅकबेथच्याच जागेवर येऊन बसतं. त्याच्याखेरीज कोणालाच दिसत नाही. इथवर अद्भुत त्याच्याकडे चालून येतं, त्याला नको असताना. आणि प्रत्येक वेळी तो थरथरतो. हे थरथरणं म्हणजे त्याच्यातला माणूस अजून शाबूत असल्याची खूण आहे.

चौथ्या अंकात उलटतं. आता तो स्वतः चेटकिणींना शोधत जातो, जाब विचारतो. त्या त्याला तीन गोष्टी सांगतात: मॅकडफ या सरदारापासून जप, बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला इजा करू शकणार नाही, आणि बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. पहिल्या भविष्याने त्याची हाव जागी केली होती. या दुसऱ्या भविष्याने त्याची भीती मारली. माझ्या मते जास्त भयंकर काम या दुसऱ्याचं. मॅकडफ इंग्लंडला पळाल्याची बातमी येताच तो ठरवतो की यापुढे मनात पहिलं जे येईल तेच हाताने पहिलं होईल. मनातला विचार आणि हातातली कृती यांच्यामधली जी जागा पहिल्या अंकात अठ्ठावीस ओळींची होती, ती आता शून्य झाली. मॅकडफची बायको आणि पोरं त्या शून्यात मारली जातात. त्यांच्यासाठी त्याला खंजीर दिसत नाही, आवाज येत नाही, त्यांची भुतं मेजवानीला येत नाहीत. पाचव्या अंकात बायकांचा आक्रोश कानी पडल्यावर तो म्हणतो की भीतीची चवही मी जवळजवळ विसरलो.

तेव्हा तुमच्या मंडळाने ‘दोष कोणाचा’ यावरून भांडण्यापेक्षा त्याची भीती कुठल्या प्रवेशात किती उरली आहे, हे संहितेच्या समासात लिहून काढावं. त्याचं अधःपतन डंकनच्या खुनाच्या रात्री सुरू होतं, पण पूर्ण होतं ते टोचणी थांबते तेव्हा.

आणि तुझी भूमिका याच्या नेमकी उलट चालते. सुरुवातीला ती पिशाच्चांना विनवते की माझ्यातलं बाईपण काढून घ्या, पश्चात्तापाकडे जाणारी वाट बुजवून टाका. वाट आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच ती बुजवून मागते. त्या रात्री तिला दारूचा आधार घ्यावा लागतो. झोपलेला राजा बापासारखा दिसला नसता तर मीच मारला असता, असं ती बोलून जाते. ही दोन वाक्यं नट्या बहुधा भरभर म्हणून टाकतात. तू टाकू नकोस. ‘थोडं पाणी घेतलं की डाग गेला’ म्हणणारी बाई शेवटी झोपेत चालत, दिवा सतत जवळ ठेवून, तेच हात धूत बसते. त्या म्हाताऱ्यात इतकं रक्त असेल असं कोणाला वाटलं होतं, हे वाक्य ऐकताना मला प्रत्येक वेळी तो ‘बापासारखा दिसला’ हा तुकडा आठवतो. मधल्या काळात काय झालं? नवऱ्याने तिला बाहेर ठेवलं. बँकोच्या खुनाचा बेत त्याने तिला सांगितलाच नाही, तू निष्पाप राहा म्हणाला. पापातली जोडीदार गेली आणि दोघं एकेकटी पडली. टोचणी त्याच्याकडून निघून तिच्याकडे गेली असं समजून काम कर. तिला पाहून वैद्य म्हणतो की हिला वैद्यापेक्षा धर्मोपदेशकाची गरज आहे. नंतर मॅकबेथ त्याच वैद्याला विचारतो, आजारी मनावर तुझ्याकडे औषध नाही का? तो बायकोसाठी विचारतो की स्वतःसाठी, हे नटाने ठरवायचं. दोन्ही ठेवता आलं तर उत्तम.

आता दाखवायचं काय. खंजीर दाखवू नका. दोरीला टांगलेला, पडद्यावर प्रकाशाने उमटवलेला, कसलाच नको. नटाच्या नजरेने एक ठराविक उंची धरली आणि ती ढळू दिली नाही, तर शेवटच्या रांगेलाही तो दिसतो. बँकोच्या भुताबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. १६२३च्या छापील प्रतीतच सूचना आहे की भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. १६११ साली हे नाटक पाहणाऱ्या एका प्रेक्षकानेही ते खुर्चीत बसल्याचं टिपून ठेवलं आहे. १७९४ साली लंडनमध्ये केंबल या नटाने खुर्ची रिकामी ठेवून प्रयोग केला आणि तेव्हापासून दोन्ही पद्धती चालत आल्या. तुम्ही नट बसवा. रिकामी खुर्ची ठेवली की प्रेक्षक पाहुण्यांच्या बाजूला जातो आणि मॅकबेथ त्याला वेडा वाटू लागतो. भूत समोर बसलं की प्रेक्षक मॅकबेथच्या बाजूला येतो, त्याला दिसतं ते इतर कोणाला दिसत नाही ही कोंडी प्रेक्षकही भोगतो. भुताला पांढरा रंग, धूर, हिरवा दिवा काही नको. घरातला माणूस जेवायला यावा तसा त्याने यावं आणि बसावं.

चेटकिणींबद्दल एक कळकळीची विनंती. आपल्या भागात तुळजापूर जवळ, जोगती-पोतराज रोजच्या बघण्यातले, त्यामुळे कपाळभर मळवट आणि मोकळे केस देऊन त्या तिघींना जोगतिणी करायचा मोह होतो. करू नका. चेटकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत, महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. देवाच्या नावाने मागून खाणाऱ्या गरीब बाईचा वेश पापाच्या दूताला देणं हे त्या बाईवर अन्यायाचं आहे. साध्या कपड्यातल्या, रस्त्यात कुठेही भेटतील अशा तीन व्यक्ती उभ्या करा. त्यांचं बोलणं एका लयीत, दुहेरी अर्थाचं ठेवा, तेवढ्याने अंगावर काटा येतो.

खुनानंतरच्या नवरा-बायकोच्या प्रवेशाला पार्श्वसंगीत लावू नका. आम्ही हा प्रवेश पूर्व भागातल्या एका जागेत बसवत होतो, शेजारी यंत्रमाग सुरू असत. एकदा वीज गेली, माग थांबले, आणि दोघा नटांचे ते तुटक प्रश्न, ‘काही बोललास?’ ‘कधी?’ ‘आत्ता’, पहिल्यांदा नीट कानावर आले. त्या प्रवेशात एवढीच भाषा आहे, आणि त्यानंतर दारावर पडणारी थाप. थापेआधीची शांतता पूर्ण हवी. थाप ऐकून दार उघडायला येणारा राखणदार मात्र सोलापुरी बोलीत बिनधास्त बोलू द्या, मराठीत मधेच तेलुगू, मधेच कन्नड. नरकाच्या दारावरचा पहारेकरी असल्याचं सोंग करणारा तो माणूस हसवतो, आणि त्या हसण्याने खून जास्त जवळ येतो. बाकीच्या संवादांच्या भाषेसाठी शिरवाडकरांचं ‘मॅकबेथ’वरून केलेलं ‘राजमुकुट’ (१९५४) वाचा. तसंच्या तसं उचलायला नव्हे, पद्याचा श्वास मराठीत कसा बसतो हे कानाला कळावं म्हणून.

राहिला शेवट. वेळ कमी म्हणून तुम्ही मॅकडफबरोबरची लढाई कापाल, बहुतेक मंडळी कापतात. नुसती तलवारबाजी कापा, बोलणं ठेवा. मॅकडफ समोर आल्यावर मॅकबेथ त्याला म्हणतो, मी तुलाच टाळत होतो, मागे फिर, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच जड झाला आहे. अजून त्याला मॅकडफच्या जन्माचं, आईचं पोट फाडून काढल्याचं रहस्य कळलेलं नाही. स्वतःला कोणी मारू शकत नाही अशी खात्री असताना तो हे बोलतो आहे, म्हणजे जिवाच्या भीतीने नव्हे. दोन अंक गायब असलेली टोचणी इथे एका वाक्यापुरती परत आली आहे. बर्नमचं रान चालून आलं, बायको गेली, सैन्य फिरलं, आणि इतक्या उशिरा त्याला त्या पोराबाळांचं रक्त जाणवलं. नटाने हे वाक्य दरडावणीच्या सुरात घालवू नये. तलवार खाली, आवाज खाली, आणि मॅकडफकडे सरळ बघून. त्यानंतर रहस्य कळतं, धीर खचतो, आणि तरीही तो ढाल पुढे करून लढतो, तो भाग आपोआप जमेल.